पोपट हाकलायचे की जाम झाकायचे?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

“आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. हातोदच्या पुढे सासऱ्यांनी लावलेली दोन एकरांची जामाची, म्हणजे पेरूची, बाग आहे. झाडं जुनी, एल-49 जातीची, वीस-वीस फुटांवर लावलेली. सासरे गेल्यापासून यजमान आणि मी मिळून बघतो. यंदा मृग बहार (पावसाळ्यात फुलून हिवाळ्यात येणारं पीक) छान धरला, पण दिवाळी झाली आणि पोपटांचे थवेच्या थवे उतरायला लागले. सकाळी जावं तर झाडांखाली अर्धवट खाल्लेल्या फळांचा सडा. चौकीदार म्हणतो, पाइपाची बंदूक आणून द्या. शेजारचे शेतकरी म्हणतात, दोन-चार फळांत औषध भरून ठेवा, थोडे मेले की बाकीचे फिरकणार नाहीत. पुण्याचा भाचा एक यंत्र पाठवतोय, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं पक्षी पळतात म्हणे. यजमान जाळीसाठी कर्ज काढायला निघालेत. आणि सासूबाई म्हणतात, राघूच्या तोंडचा घास काढू नये, तुमचे सासरे असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं. रोज घरात यावरून वाजतं. आम्ही काय करावं? बांधावर सीताफळाची दहा-बारा झाडं आहेत, त्यांचंही सांगा.”

ताई, बाकी सगळं मागाहून. आधी चौकीदाराच्या हाती ती पाइपाची बंदूक जाऊ देऊ नका. त्यानं परस्पर आणली असेल तर आजच काढून घ्या. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे, त्यावर पाणी आणि गॅस लायटरची ठिणगी, एवढ्यावर ती चालते. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तोच पेट घेऊन धडाका करतो. 2025 च्या दिवाळीत हीच वस्तू फटाका म्हणून पोरांच्या हातात गेली आणि भोपाळसकट आपल्या मध्य प्रदेशात कितीतरी मुलांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. बार उडाला नाही म्हणून मुलं नळीत डोकावून बघायची आणि नेमका तेव्हाच तो उडायचा. त्यानंतर बंदीचे हुकूम निघाले. शेतातली माणसं ही नळी माकडं-पाखरं पळवायला आधीपासून वापरत होती, हे खरं. पण पहाटेच्या अंधारात, थंडीनं आखडलेल्या बोटांनी, एकटा माणूस ती पेटवणार. आणि त्यातून मिळणार काय, तर पोपट उडून शेजारच्या बाभळीवर बसणार आणि चार दिवसांनी तेवढेही कष्ट घेणार नाहीत. शिवाय फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे. जामाच्या बागेत कार्बाइडचा डबा दिसला, तर तो कशासाठी होता हे तुम्ही मंडीत कोणाकोणाला समजावून सांगणार?

औषधाचं तर नावही काढू नका. पोपट मारणं, पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, तिन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हे आहेत, आणि 2022 च्या दुरुस्तीत सर्वसाधारण गुन्ह्यांच्या दंडाची कमाल मर्यादा 25 हजारांवरून एक लाखावर गेली आहे. तुरुंगवास वेगळा. तो भाग सोडला तरी साधा विचार करा: विष भरलेलं फळ कोण खाईल यावर तुमचा ताबा नाही. मोर खाईल, खार खाईल, खाली पडलं तर शेळी खाईल, तोडणीला आलेल्या बाईचं पोर उचलून खाईल. आणि पोपटांचं म्हणाल, तर रात्रीच्या वस्तीला एका ठिकाणी शेकड्यांनी जमणारा हा पक्षी. चार मेल्यानं थव्याला काही फरक पडत नाही. जाताजाता चौकीदाराला हेही बजावा की झाडांमधून पतंगाचा नायलॉन मांजा ताणायचा नाही. संक्रांत जवळ आली की तो स्वस्तात मिळतो आणि कोणाला तरी ही अक्कल सुचतेच. त्यावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे. त्यात पक्षी कापले जातात, आणि अंधारात फांदीखालून जाणाऱ्या माणसाचा गळाही.

भाच्याला प्रेमानं नाही म्हणा. पक्ष्यांचं ऐकणं आपल्याहून तीक्ष्ण असतं असा एक समज आहे. वरच्या पट्टीच्या बाबतीत उलट आहे. आपल्याला तरुणपणी 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. बहुतेक पक्ष्यांना 10 च्या पुढचं फारसं कळत नाही. हे यंत्र 20 च्या वरचा आवाज काढतं, म्हणजे पोपटाच्या दृष्टीनं ते बंदच आहे. त्याच्यावर बसून जाम खाईल तो. दुसऱ्या प्रकारचं यंत्र मिळतं, ज्यातून ससाण्याचा किंवा सापडलेल्या पोपटाच्या किंकाळ्यांचा ध्वनिमुद्रित आवाज येतो. ते निदान ऐकू तरी येतं आणि काही दिवस कामही करतं. त्याचं पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही सगळे पोपटांना पळवायच्या मागे लागला आहात. माझं मत स्पष्ट आहे: पक्षी पळवण्यावर कमीत कमी खर्च करा आणि फळ झाकण्यावर जास्तीत जास्त. पळवणं ही दोन-तीन आठवड्यांपुरती कामचलाऊ सोय आहे. बागेचा बंदोबस्त त्यानं होत नाही.

पण त्याआधी चोर कोण आणि त्यानं नेलं किती, हे बघा. दोघांपैकी एकानं एक रात्र बागेत मुक्काम करा आणि उजाडताना झाडाखाली गुपचूप बसा. पोपटांचा थवा एकदम फळांवर उतरत नाही. आधी दोन-तीन जण उंच, पानं नसलेल्या फांदीवर येऊन बसतात आणि मान वाकडी करून खाली न्याहाळतात. धोका नाही असं वाटलं की बाकीचे एकेक करून आत शिरतात आणि गप्प होतात. उडताना आकाश डोक्यावर घेणारा हा पक्षी खाताना चकार शब्द काढत नाही. हिरव्या पानांत तो दिसतही नाही. दिसतं ते नुसतंच हलणारं फळ, आणि ऐकू येतो खाली पडलेल्या तुकड्यांचा टपटप आवाज. त्याला गरापेक्षा बियांत रस असतो, म्हणून फळ कच्चं असलं तरी त्याला चालतं. चार घास घेतो, सोडून देतो, दुसऱ्याला तोंड लावतो. तुम्हाला झाडाखाली सडा दिसतो तो यामुळे.

फळ हातात घेऊन बघा. मोठे लचके, कडेला अर्धगोल खाचा आणि आजूबाजूला बियांचा कचरा असेल तर पोपट. पिकलेल्या मऊ फळाला एकाच जागी लहानसं भोक पाडून आतून कोरलं असेल तर बुलबुल, साळुंकी, कोकीळ किंवा तांबट. समोरच्या दोन दातांच्या बारीक समांतर रेघा असतील तर खार. संध्याकाळी शाबूत असलेलं फळ सकाळी गायब, आणि बागेतल्याच एखाद्या आंब्याखाली किंवा कडुलिंबाखाली चघळून थुंकलेले चोथ्याचे गोळे पडलेले असतील, तर ते वटवाघळाचं काम. त्याचा दोष तुम्ही पोपटावर टाकताय. वटवाघळाचं उष्टं फळ ‘तेवढं कापून टाकू’ म्हणून घरात आणायचं नाही. निपाह विषाणूच्या बातम्या वाचल्या असतील, कारण तेच आहे. आणि वरून सुईच्या टोकाएवढा डाग, आत अळ्या, फळ आपोआप गळतंय, तर ती फळमाशी. तिला जाळीही अडवत नाही आणि ढोलही. तिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे (नर माश्यांना ओढून घेणाऱ्या द्रव्याचे) सापळे लावावे लागतात, एकरी चार-सहा. कितीतरी बागांत माशीनं गाळलेल्या फळांचा हिशेब पोपटाच्या खात्यावर चढतो, कारण पोपट दिसतो आणि माशी दिसत नाही.

मग मोजा. दहा झाडं निवडा, पाच कडेच्या ओळींतली, पाच मधली. प्रत्येक झाडावरची पन्नास फळं चारी बाजूंनी, खालची-वरची मिळून बघा आणि किती खाल्लेली आहेत ते वहीत मांडा. जमिनीकडे बघून अंदाज करू नका. जमीन नेहमी जास्त भीषण दिसते. तुम्हाला बहुधा असं आढळेल की कडेच्या झाडांचं नुकसान मधल्यांच्या कितीतरी पट आहे, आणि त्यातही ज्या कोपऱ्याला उंच झाड आहे तिथलं सगळ्यात जास्त. हा आकडा हाती आल्याशिवाय यजमानांना बँकेची पायरी चढू देऊ नका. शंभरातली आठ फळं जात असतील तर जाळीचं कर्ज हा वेडेपणा आहे. चाळीस जात असतील तर विचार करू.

या हंगामात आता काय? फळ तयार होत आलंय, झाडं उंच आहेत, पिशव्या चढवायची वेळ निघून गेली आहे. म्हणून यंदापुरती राखण हाच मार्ग, पण नेमकी राखण. पोपटाचा जोर सूर्योदयापासून दोनएक तास आणि मावळतीच्या आधी तेवढाच वेळ. मधल्या उन्हात तो सावलीला बसतो. दिवसभराचा चौकीदार दुपारी ताजातवाना असतो आणि पहाटे गोधडीत. त्याची वेळ बदला. दुपारी झोपू दे, पण पहिला थवा यायच्या आधी तो त्या उंच झाडाखाली उभा हवा. थवा फळांवर बसल्यानंतर आरडाओरडा करून उपयोग फार कमी. टेहळणीला आलेल्या पहिल्या दोघा-तिघांनाच बसू दिलं नाही तर बाकीचे पुढे निघून जातात. आपल्या जुन्या लोकांची गोफण याच कामाची होती. नेम धरून पाखरू मारण्यासाठी ती नव्हती. मचाणावरून सणसणत जाणारा खडा आणि पाठोपाठ हाकारा पुरायचा. चौकीदाराला गोफण येत असेल तर उत्तम. नसेल तर रिकामा तेलाचा डबा आणि काठी.

याच्या जोडीला चकाकणारी लाल-रुपेरी फीत लावा, कडेच्या झाडांच्या शेंड्यांवरून बांबूला बांधून, पीळ देऊन, म्हणजे वाऱ्यानं ती चमकते आणि गुणगुणतेही. जुन्या सीड्या, घारीच्या आकाराचा पतंग, तो किंकाळ्यांचा आवाज, यातलं काहीही चालेल, पण एका वेळी एक, आणि तेही जागा बदलत. पोपट हुशार आहे. जी वस्तू रोज तिथेच असते आणि काही करत नाही ती त्याच्या हिशेबी फांदी. बुजगावणं पाहुण्यासारखं असावं, चार दिवसांत मुक्काम हलवणारं. संपूर्ण हंगाम एकाच झाडावर एकच शर्ट लटकवून ठेवलेल्या बागा मी बघितल्यात. त्या बुजगावण्याच्या खांद्यावर साळुंक्या बसलेल्या असतात.

तोडणी आवळून घ्या. जाम झाडावर पूर्ण पिवळा व्हायची वाट बघायची गरज नसते. तोडल्यावरही तो पिकतो. गडद हिरवा रंग फिकट होऊन पिवळसर झाक आली की काढा, आणि आठवड्यातून एकदा नव्हे, दर दोन-तीन दिवसांनी. यानं पोपट थांबणार नाही, त्याला कच्चंही चालतं, पण बुलबुल, कोकीळ, वटवाघूळ आणि बऱ्याच अंशी माशी, यांच्या वाट्याला पिकलेलं फळ उरत नाही. तसंही इंदूरच्या चोइथराम मंडीत नेईपर्यंत जरा कडक असलेला मालच टिकतो. झाडाखालची उष्टी फळं रोज वेचून खोल खड्ड्यात पुरा. तशीच पडू दिली तर माशीची पुढची पिढी तिथेच वाढते. ती नुसती उकिरड्यावर फेकणं म्हणजे खत करणं नव्हे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी ज्या इंदूरमध्ये बसून कंपोस्टची पद्धत बसवली आणि जगभर ती इंदूरच्याच नावानं गेली, त्या इंदूरच्या आसपासच्या बागांत ही आठवण करून द्यावी लागते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

खरं काम मे महिन्यात आहे. तुमची अडचण पोपटांपेक्षा झाडांच्या उंचीची जास्त आहे. वीस फुटांवर लावलेली जुनी एल-49 म्हणजे एकरी 108 झाडं, दोन एकरांत सव्वादोनशेच्या आत-बाहेर, आणि प्रत्येकाचा शेंडा शिडीच्याही वर. त्या शेंड्यावरचं फळ तुम्ही झाकू शकत नाही, वेळेवर तोडू शकत नाही, फवारू शकत नाही. ते आजही पोपटांसाठीच पिकतंय. जुन्या पेरूच्या झाडांचं पुनरुज्जीवन करायची एक रुळलेली पद्धत आहे, लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेनं तिचा बराच प्रसार केला: उन्हाळ्यात झाड जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर छाटायचं, कापांवर बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायचं, आणि आलेल्या फुटव्यांतले मोजके चारी दिशांना राखून त्यांची पुन्हा छाटणी करत झाड बुटकं, पसरट ठेवायचं. जामाला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे झाड पुन्हा फळतं. पण छाटलेल्या झाडांचा पहिल्या हिवाळ्याचा माल बहुतेक जातो, म्हणून सगळी बाग एकदम कापू नका. येत्या मे महिन्यात अर्धी, त्याच्या पुढच्या वर्षी अर्धी. कुठल्या ओळीपासून सुरुवात करायची आणि कुठली फांदी ठेवायची हे कागदावर सांगता येत नाही; कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात जा आणि कोणीतरी बागेत येऊन एक झाड समोर छाटून दाखवेल का, ते विचारा. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. नवऱ्यानं लावलेली झाडं कंबरेएवढी कापलेली अचानक दिसली तर त्यांना काय वाटेल ते तुम्हाला सांगायला नको.

झाड हाताच्या उंचीत आलं की फळाला पिशवी घालता येते. मृग बहाराची फळं लिंबाएवढी झाली की, साधारण पाऊस ओसरताना, आधी फोमची जाळी, त्यावर खाली भोकं असलेली पारदर्शक पिशवी, देठाशी बांधायची. ऊन लागणाऱ्या बाजूला मध्ये वर्तमानपत्राचा कागदही घालतात. पोपट पिशवी फाडतच नाही, असं दुकानदार सांगेल. विश्वास ठेवू नका, मनात आणलं तर तो फाडतो. पण उघडं आणि झाकलेलं फळ शेजारी असेल तर तो उघड्याकडे जातो, आणि पिशवीतल्या फळाचा रंग-वास त्याला तितकासा बोलावत नाही. वरून फळमाशीपासून बचाव होतो आणि सालीवर डाग राहत नाहीत, हा फायदा मला पोपटांपेक्षाही मोठा वाटतो.

मात्र हिशेब करून. समजा जाळी, पिशवी आणि मजुरी धरून फळामागे दोन रुपये पडले. (भाव स्वतः विचारून घ्या, मी उदाहरण देतेय.) तुमचं फळ दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचं असेल तर किलोला सहा फळं, म्हणजे किलोमागे 12 रुपये नुसते झाकण्याचे. त्याच झाडावर विरळणी करून, फांदीवर मोजकी फळं ठेवून, ती 250 ग्रॅमवर नेली तर किलोला चार, म्हणजे आठ रुपये. आणि तसल्या स्वच्छ मोठ्या फळाला भाव वेगळा. झाडावरचं प्रत्येक पिटुकलं फळ झाकायला निघालात तर पोपटानं खाल्लं असतं त्याहून जास्त पिशव्या खातील. चांगली ठेवायची, ती झाकायची, बाकीची लहान असतानाच काढून टाकायची. सव्वादोनशे झाडांचं एकदम अंगावर घेऊ नका. छाटलेल्या अर्ध्यातली वीस झाडं पिशव्यांच्या पहिल्या वर्षी पुरेत.

जाळीला माझा विरोध नाही. पोपटांवर खरा, पक्का इलाज तोच आहे. पण एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर छत. दोन एकरांचं आठ हजारांच्या वर, त्यात चारी बाजूंचे पडदे, खांब, तारा वेगळ्या. तुमच्या आजच्या झाडांवरून ती न्यायची तर खांब किती उंच लागतील, आणि जेठात माळव्यात जी आंधी सुटते तिच्यात त्यांचं काय होईल, हे यजमानांना विचारा. म्हणून आधी छाटणी, मग जाळी. तेव्हाही शक्यतो सगळ्यात जास्त मार खाणाऱ्या ओळींपुरती. भोक 15 ते 20 मिलिमीटरचं घ्या. मोठ्या भोकात पक्ष्याची मान अडकते. बारीक, डोळ्यांना न दिसणारी मासेमारीसारखी नायलॉनची जाळी स्वस्त पडते, ती घेऊ नका, तो फास आहे. उन्हात टिकणारी, जाड धाग्यांची, विणलेली पॉलिथिनची जाळी घ्या आणि ती ताठ ओढून बसवा. झाडावर नुसती पांघरली की फांद्या त्यातून वर येतात, फळ जाळीला टेकतं आणि पोपट बाहेर बसून आरामात खातो. खालची कड जमिनीवर लोळत ठेवू नका, तिच्यात धामण अडकते. रोज संध्याकाळी एक फेरी मारून काही अडकलंय का बघायचं, आणि तोडणी संपली की जाळी गुंडाळून छपरात ठेवायची.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात पक्षीरोधक जाळीला अनुदानाची सोय आहे. दर आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून उद्यानिकी विभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात चालू वर्षाचा नियम विचारा आणि मंजुरी हातात आल्यावरच खरेदी करा. आधी जाळी घेऊन मग बिल घेऊन जाणाऱ्यांची तिथे निराशा होते. सातबाऱ्याऐवजी आपल्याकडे खसरा-बी1 लागतो, आणि जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर नामांतरणाला आधी लागा. त्याला पोपटांपेक्षा जास्त वेळ जाईल.

आता सासूबाई. त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पक्ष्यांशी वैर धरून बाग होत नाही. साळुंक्या, बुलबुल पिल्लांना अळ्या-किडे भरवतात, त्यांचं चार फळांचं देणं लागतोच आपण. पोपटाबद्दल मात्र स्वतःची समजूत घालू नये, तो जवळपास पूर्ण शाकाहारी आहे आणि बागेतली कीड तो खात नाही. तरीही एक तोडगा सुचवते, तो भावनेचा कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. तुमच्या मोजणीत जी कडेची ओळ सगळ्यात जास्त खाल्लेली निघेल, तिच्यावर पुढच्या वर्षी पिशव्या-मजुरीचा एक पैसाही खर्च करू नका आणि तिथून कोणाला हाकलूही नका. दोन एकरांत पंधरा-पंधरा झाडांच्या साधारण पंधरा ओळी होतील. त्यातली एक गेली तर सात टक्केही नाही, आणि ती ओळ आजही तुम्हाला फारसं काही देत नाहीये. पोपटांना खायला एक जागा उघडी असली की झाकलेल्याला त्रास कमी होतो. ती ओळ सासूबाईंच्या ताब्यात द्या. राघूच्या तोंडचा घास तिथे कोणी काढणार नाही, आणि उरलेल्या चौदा ओळींबद्दल त्यांनी बोलायचं नाही, असं ठरवून घ्या. सासऱ्यांच्या काळी फळ टोपलीनं विकलं जायचं, डाग असला तरी चालायचं. आज पेटीत एक टोचलेलं फळ निघालं तर अख्ख्या पेटीचा भाव पडतो. हे त्यांना तुम्ही सांगितलंत तर वाद होईल, म्हणून एकदा मंडीत बरोबर घेऊन जा आणि लिलाव होताना बघू द्या.

सीताफळाचं सोपं आहे, आणि बहुधा यंदाचं संपतही आलं असेल. ते झाडावर पिकू द्यायचंच नाही. डोळे मोठे होऊन त्यांच्यामधल्या रेघा उकलल्या आणि तिथे पिवळसर पांढरी झाक दिसली की फळ कडक असतानाच देठ ठेवून कात्रीनं काढा आणि घरी आणून वर्तमानपत्रावर एकेरी पसरा, तीन-चार दिवसांत होतात. झाडावर एक दिवस जास्त राहिलं की ते उलतं, आणि मग पोपट, खार, मुंग्या, सगळ्यांना एकदमच खबर लागते. दहा-बारा झाडांना एक माणूस एक दिवसाआड फिरला तरी भागतं. त्यासाठी ना जाळी लागते ना पिशवी.